बदामकाकींची धर्मशाळा

आमच्या गावात माशांची दुकानं तीन. दोन नदीकडच्या रस्त्याला आहेत, तिथे तापीकाठच्या प्रकाशा गावाहून आलेले मासे वजनावर मिळतात. तिसरं बाजारपेठेत, सोनाराच्या आणि कापडवाल्याच्या मधोमध. तिथले मासे नुसते बघायचे. ते दुकान बदामकाकींचं. मारवाडी जैन घरातली बाई मासे विकते, या एका वाक्यावर गावाने पुष्कळ वर्षं करमणूक करून घेतली. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आधी एवढंच सांगायचं, तो दचकला की मग हळूच काचेच्या टाक्यांचं सांगायचं. काकींना हे ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "हसू दे त्यासले. हसाले का व्हयेना, पन दुकान दखाले येतस ना. पाटी लावानी गरज नही."

काकी गेल्या माघात गेल्या. त्यांच्या शोकसभेला मी मागच्या रांगेत बसलो होतो. एका वक्त्याने सांगितलं की बदामबाईंनी आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या वेळी उठून बोलता आलं नाही. चारचौघांत बोलणं मला कधीच जमलेलं नाही, माझं सगळं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात हळू आवाजात गेलं. म्हणून हे लिहितो आहे. ते वाक्य खरं नाही. काकींनी खूप जणांची मनं दुखावली, आणि प्रत्येक वेळी नीट विचार करून दुखावली. त्यांना आता गोड करून भिंतीवर टांगू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

उंच, काटक बाई. बारीक नक्षीची फिकट साडी, डोक्यावरून पदर, आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेला चष्मा. आवाज बसका. मारवाडातून लग्न होऊन आल्या तेव्हा त्या अकरावी शिकलेल्या होत्या, आणि अहिराणी त्या सासरच्या धान्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर शिकल्या. त्यामुळे त्यांची अहिराणी आमच्यासारखीच होती, फक्त वाक्याच्या शेवटी मारवाडी हेल यायचा, जणू प्रत्येक वाक्याला छोटी शेपटी फुटली आहे.

त्या चष्म्याची एक गंमत सांगतो. माशांच्या खाण्याचे डबे सुरतहून येत. डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असे की आत काय काय आहे: वाळवलेली कोळंबी, किड्यांची पूड. काकी डबा हातात घेत, तारीख वाचण्यासाठी चष्मा लावत, तारीख वाचत, आणि मग डबा उलटा करण्याआधी चष्मा काढून टाकत. मी एकदा विचारलं, "काकी, मागचंही वाचा की." त्या म्हणाल्या, "मांगलं अक्षर बारीक शे. माले दिसत नही."

"चष्मा लावला तर दिसेल."

"म्हनीसनच काढा," त्या म्हणाल्या, आणि डबा फळीवर ठेवला. जिवंत किडे मात्र त्यांनी दुकानात कधी येऊ दिले नाहीत. कोणी मागितले तर त्याला सरळ दाराबाहेरचा रस्ता दाखवत.

हे दुकान मुळात धान्याचं. काकींचे यजमान हस्तीमलशेठ यांना माशांचा नाद होता. गल्ल्याशेजारी त्यांनी एक टाकी ठेवली होती. ते गेल्यावर काकींनी हळूहळू पोती काढली आणि टाक्या मांडल्या. घरचे म्हणाले, दुकान कापडवाल्याला भाड्याने द्या. काकींनी दिलं नाही. समाजातल्या बायका म्हणाल्या, जीव कोंडून विकणं म्हणजे पाप. त्यावर काकींनी कधी वाद घातला नाही. मला एकदा एवढंच म्हणाल्या, "पाप ते शेच, भाऊ. नही शे असं मी म्हनत नही. पन मी दुकान बंद करं ते हाई मासा काय नदीमा जातीन? दुसराना दुकानमा जातीन, आनि तठे आठ दिनमा मरतीन. मन्हाकडे मरत नहीत, इतलंच."

मरत नसत, याचं कारण त्यांची धर्मशाळा.

दुकानाच्या मागच्या खोलीत, पुढच्या टाक्यांपासून भिंतीने तोडलेल्या, साध्या काचेच्या चार-दोन टाक्या होत्या. ना रंगीत खडे, ना हिरवळ, ना दिवे. तळाला काही नाही, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज आणि लपायला मातीच्या मडक्याचा तुकडा. सुरतहून खोक्यातून नवे मासे आले की ते आधी तिथे उतरत. काकी त्या खोलीला धर्मशाळा म्हणत. नवा मासा एक आख्खा चांद धर्मशाळेत राहायचा: ज्या तिथीला आला ती तिथी पुढच्या महिन्यात पुन्हा येईपर्यंत. तोवर तो विकायचा नाही, पुढच्या टाकीत सोडायचा नाही, आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवलं तर नावही सांगायचं नाही.

"हाऊ मासा कोनता, काकी?"

"आजून गावमा ऊना नही तो. धर्मशाळामा शे."

धर्मशाळेची जाळी वेगळी, बादली वेगळी, पाणी ओढायची नळी वेगळी. त्या सगळ्यांना लाल दोरा बांधलेला. सकाळी खाणं घालताना आधी पुढच्या जुन्या टाक्या, मग मागच्या नव्या; हा क्रम कधी उलटा व्हायचा नाही, कारण उलटा झाला तर ओल्या हातावरून रोग पुढे येतो. माशाच्या अंगावर पांढरे दाणे उगवले की काकी म्हणत, "खसखस निंघनी." मासा पंख अंगाशी चिकटवून बसला, खापराला अंग घासायला लागला, वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला, की खसखस दिसण्याआधीच त्या ओळखत. मग पाणी थोडं कोमट करायचं, खडेमीठ टाकायचं, आणि वाट बघायची.

या मिठावर त्यांचा जरा जास्तच विश्वास होता. एकदा मिशावाल्या, तळाशी फिरणाऱ्या छोट्या माशांची खेप आली. त्यांना मीठ सोसत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि तसं सांगितलंही. काकी म्हणाल्या, "पुस्तकमा लिखनाराले विचारा, त्याना घर मासा शेतस का." मीठ पडलं. दोन दिवसांत सगळे गेले. काकींनी त्यांना मागच्या कडुलिंबाखाली पुरलं आणि त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच मीठ घातलं होतं.

सगळ्यात विचित्र काम पिशवीतल्या पाण्याचं. मासे प्लास्टिकच्या पिशवीत येतात. पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, पाणी एकसारखं गार-गरम झालं की मासा जाळीने उचलून घ्यायचा, आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं. टाकीत एक थेंबही पडू द्यायचा नाही. रोग त्याच पाण्यातून येतो. आता हे साधं काम, पण काकींच्या घरी ते साधं नव्हतं. त्यांच्याकडे पाणी गाळल्यावर फडक्यावर जे राहतं त्याला जीवाणी म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात आहेत असं मानून ती पुन्हा जिथून पाणी आणलं त्याच पाण्यात परत सोडायची असते. जमिनीवर टाकली तर ते जीव मरतात. काकी लहानपणापासून हे पाळत आलेल्या. आणि त्याच काकी दर खेपेला पिशव्या मोरीत रिकाम्या करत. पाणी ओतताना ओठ हलत. मी एकदा कान देऊन ऐकलं. त्या म्हणत होत्या, "मिच्छामि दुक्कडम्." माझ्याकडून झालेलं वाईट वाया जावो, क्षमा असो. प्रत्येक पिशवीला एकदा.

अक्कलकुव्याजवळ हायवेवर एकाने मोठं हॉटेल काढलं. त्याने दारातच भिंतभर टाकी बसवली आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन मासे न्यायला आला. पुढच्या टाक्यांमध्ये त्याला हवे तसे मोठे मासे नव्हते, धर्मशाळेत होते. त्याने मागच्या दाराच्या फटीतून ते बघून घेतले.

"काकी, हेच द्या. उद्या उद्घाटन आहे."

"त्या आजून देवाना नहीत."

"अहो, मोठी माणसं येणार आहेत. टाकी काय रिकामी ठेवू?"

"ठेवा. पानी दखतीन. पानी बी दखासारखंच ऱ्हास."

तो चिडला. म्हणाला, "सुरतहून मागवतो." काकी म्हणाल्या, "मांगाडा. पन तुम्ही बी आठेच येशात, त्या हाटेलमा मरानंतर." तो माणूस गेला. पण मासे त्याने मागवले नाहीत. उद्घाटनाला त्याने नुसतं पाणी आणि हिरवळ ठेवली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याला सांगावं लागलं की मासे मारवाडी बाईच्या धर्मशाळेत आहेत. दोन-चार लोक तेवढ्यावरून दुकान बघायला आले. काकी त्यांच्याशीही तितक्याच तुसडेपणाने बोलल्या.

कोरोना आला तेव्हा गावाला नवा शब्द मिळाला. क्वारंटाईन. काकींना त्याचं फार हसू यायचं. "सरकारले आते समजनं," म्हणायच्या. पण त्या दिवसांत हसण्यासारखं फार नव्हतं. सुरतला कामाला गेलेली माणसं पायी परत यायला लागली. त्यातच काकींचा मुलगा प्रकाश सुरतहून कसाबसा घरी पोचला. गल्लीतल्या लोकांनी काकींच्या दाराशी येऊन सांगितलं, त्याला घरात घेऊ नका, गावाबाहेर पाठवा. घरातल्या मोठ्या सूनबाई म्हणाल्या, पोटचा पोरगा आहे, त्याला असं वेगळं बसवायचं कसं, सगळ्यांसोबत जेवू द्या. काकींनी दोघांचंही ऐकलं नाही. वरच्या खोलीत त्याचं अंथरूण टाकलं, ताट जिन्याच्या पायरीवर ठेवू लागल्या, आणि गल्लीतल्या लोकांना खिडकीतून सांगितलं, "गावना भाईर पाठाडानी गरज नही. आनि घरमा घेवानी बी घाई नही. धर्मशाळा कसाले ऱ्हास?"

त्या दिवसांत माझी खिडकी आणि त्यांची जिन्याची खिडकी समोरासमोर असल्याने मला सगळं ऐकू यायचं.

"माय, मी मासा शे का?"

"मासा ऱ्हाता ते बरं व्हतं. इतलं जेवन मांगता नही."

"दोन दिस तरी खाले येऊ दे ना. काहीच व्हयेल नही माले."

"खसखस दिसी तव्हय समजी. तवलोंग गुमान बस."

तो चांद पुरा होईपर्यंत वर बसला. त्याला काही झालं नव्हतं. पण काकी दोन्ही वेळा गरम जेवण करून पायरीवर ठेवत आणि तो जेवेपर्यंत खालच्या पायरीवर बसून राहत, हे मी रोज बघत होतो. धर्मशाळा म्हणजे तुरुंग नाही हे त्या सगळ्यांना सांगत. ते मला त्या पायरीवर खरं वाटलं. ज्यांना पोराला हाकलायचं होतं ते त्यांना निष्ठुर म्हणाले, ज्यांना त्याला मांडीवर घ्यायचं होतं तेही निष्ठुर म्हणाले.

आता हौदाचं सांगतो. काकींच्या समाजाने गावाच्या टोकाला पांजरपोळ चालवली आहे. म्हाताऱ्या गाई, लंगडलेली घोडी, पंख मोडलेली कबुतरं तिथे ठेवतात. तिच्या अंगणात दगडी हौद आहे, भोवती कमरेइतकी भिंत, भिंतीबाहेर उंच जाळी आणि आत जायला एक लोखंडी फाटक. हस्तीमलशेठांनी या हौदात मासे सोडले होते आणि ते गेल्यावर काकी दर संध्याकाळी तिथे जाऊन त्यांना खाणं घालत. फार जुने मासे. कुत्र्याच्या पिल्लाएवढे, काळसर, संथ. काकी हौदाच्या भिंतीवर बसल्या की ते सावलीखाली येऊन थांबत. काकी त्यांच्याशी शेठच्या गोष्टी बोलत असत, असं पांजरपोळीचा रखवालदार सांगतो. मी ऐकलं नाही. पण दुकानातले सगळे मासे विकायचे होते आणि हे विकायचे नव्हते, एवढं मला कळत होतं. त्यांचं काही झालं असतं तर काकींचं काय झालं असतं, हा विचार मी कधी पुरा केला नाही.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, समाजातली माणसं मासळी बाजारातून जिवंत मासे विकत घेतात आणि हौदात सोडतात. जीव वाचवायचा म्हणून. लहान मुलं बादलीला हात लावतात, बायका हात जोडतात. कोरोना संपल्यानंतरच्या पहिल्या संवत्सरीला काकी आठ दिवसांच्या उपवासाने थकून उपाश्रयात, साधूंच्या प्रवचनाला, बसल्या होत्या. त्या हौदावर पोचल्या तेव्हा बादली रिकामी झाली होती. त्यांनी रखवालदाराला विचारलं, "पानी बी टाकं?"

"बठं टाकं, काकी. त्यामा बी जीव शे ना."

मोठ्या भक्तीने टाकलं होतं. बाजारातल्या टपांतलं, रक्ताने आणि चिखलाने गढूळ झालेलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत हौदात गेलं होतं, कारण ते जमिनीवर ओतलं असतं तर त्यातले न दिसणारे जीव मेले असते. आठवडा उलटायच्या आत हौदाच्या माशांवर खसखस निघाली. मग कापसासारखी बुरशी. नवे मासे आधी गेले, मग जुने. काकी आणि रखवालदार रोज सकाळी जाळीने ते काढत. मी एकदा सोबत गेलो. काकी एक मोठा मासा भिंतीवर ठेवून त्याच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "दया करनारासनी मारं याले." एवढंच. वाचले ते थोडे, तळाशी राहिलेले.

वर्षभर काकींनी ते थोडे जपले. आणि पुढच्या संवत्सरीच्या सकाळी त्यांनी मला दारात बोलावून घेतलं. "चला भाऊ. मन्हासंगे एक भिंत पाहिजे."

ही भिंत काय ते सांगायला हवं. पांजरपोळीचे मुख्य विश्वस्त म्हणजे काकींचे थोरले दीर, जेठजी. गाव त्यांना मोठे शेठ म्हणतं. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे धाकट्या भावाची बायको जेठांशी बोलत नाही. त्यांच्यासमोर पदर ओढून घ्यायचा, आणि काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगायचं. तिसरं कोणी नसेल तर भिंतीला. लग्न झाल्यापासून काकी मोठ्या शेठांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. सगळे व्यवहार, वाटणीसुद्धा, मुलांना आणि भिंतींना सांगून झाले होते.

मोठे शेठ बादली घेऊन आले. मागे पुष्कळ माणसं, पांढऱ्या कपड्यांतली. काकी फाटकात उभ्या होत्या, पदर हनुवटीपर्यंत.

"बाईंना सांगा, वाट सोडा," मोठे शेठ मला म्हणाले.

"त्यासले सांगा," काकी मला म्हणाल्या, "मासा मन्हा दुकानमा न्या. एक चांद धर्मशाळामा ऱ्हातीन. मंग मीच आनीसन सोडसू."

"बाईंना सांगा, जीवदया आजची आहे. महिन्यानंतरची नाही."

"त्यासले सांगा, मागला वरीसले बी आजचीच व्हती. कितला मासा मरनात, ते त्यासनी दखं नही. मी दखं."

मी काहीच सांगत नव्हतो. मी मध्ये उभा होतो आणि दोघंही एकमेकांचं नीट ऐकत होते. मागून कोणीतरी हसलं. मोठ्या शेठांचा चेहरा लाल झाला. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. ते सरळ मनाचे आहेत. एखादं कबुतर रस्त्यात पडलेलं दिसलं तर गाडी थांबवून उचलतात. ते म्हणाले, "निदान पाणी तरी ओतू द्या. बाईंना विचारा, या पाण्यातल्या जिवांचं काय? ते मोरीत मरतील. ते पाप कोणाचं?"

काकींनी पदर मागे सारला. सगळा नाही, डोळ्यांपर्यंत. आणि माझ्याकडे न बघता थेट मोठ्या शेठांकडे बघून बोलल्या.

"जेठजी, ते पाप मन्हा नाववर लिखा. पानीनं बी लिखा, आनि धर्मशाळामा जे मरतीन त्यासनं बी लिखा. पन हाई हौदमा आज काही जावाव नही."

मागची माणसं मासे विसरून काकींकडे बघत राहिली. सून जेठांशी बोलली होती. मोठे शेठ बादली खाली ठेवून फाटकाबाहेर निघून गेले, आणि त्यांच्यामागे सगळी माणसं. काकींनी बादली उचलली. मला धरू दिली नाही.

त्या बादलीतले बरेच मासे धर्मशाळेत गेले. त्यांच्यावर खसखस होतीच. काकींनी मीठ घातलं, पाणी बदललं, उपाशी राहिल्या. मेले ते मेले. मोठ्या शेठांनी निरोप पाठवला, "बाईंच्या हातात मेले. हौदात टाकले असते तर जगले असते." मला वाटलं होतं, आता तरी लोकांना समजेल. लोकांना उलटं समजलं. काकींनी निरोप आणणाऱ्याला विचारलं, "हौदना जुना मासा मरनात का?"

"नाही."

"मंग बरं शे. लिखेल शेच मन्हा नाववर."

संवत्सरीनंतर त्यांच्यात क्षमापना असते. लोक घरोघर जाऊन वर्षभरात काही दुखावलं असेल तर क्षमा मागतात. त्या वर्षी काकींच्या दारी कोणी आलं नाही. काकी स्वतः निघाल्या. नव्या साडीत, काठी नव्हती तेव्हा, एकेक दार. मोठ्या शेठांच्या ओट्यावर त्या उभ्या राहिल्या तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे होतो. पुन्हा पदर हनुवटीपर्यंत. त्यांनी दाराच्या चौकटीला सांगितलं, "मनथीन, वचनथीन, कायाथीन जे काही वाईट व्हयनं व्हई त्यानी क्षमा मांगस. मिच्छामि दुक्कडम्." आतून कोणी बाहेर आलं नाही. काकी वळल्या, एक पायरी उतरल्या, आणि पुन्हा चौकटीकडे तोंड करून म्हणाल्या, "बादली सोडीसन."

समाजात याचं फार वाईट वाटलं. क्षमा मागताना अट घातलेली कोणी ऐकली नव्हती. काही घरांनी त्यांना पुढे लग्नाच्या पत्रिका पाठवल्या नाहीत. काकींना त्याचं दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. एका लग्नाच्या वरातीला त्या शटर अर्धं ओढून आत बसून राहिल्या होत्या. पण दर वर्षी संवत्सरीला त्या फाटकात जाऊन उभ्या राहत, आणि बादली दर वर्षी दुकानात येत असे. महिन्याने जगलेले मासे त्या एकट्याच हौदात सोडत. कोणी हात जोडायला नसे.

मागच्या भाद्रपदात काकींचं हृदय थकलं होतं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी चालायला मना केलं होतं. तरी संवत्सरीच्या सकाळी त्या रिक्षातून पांजरपोळीत आल्या आणि फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मी शेजारी उभा होतो. मोठे शेठ आता अंथरुणाला खिळले आहेत. बादली घेऊन त्यांचा मुलगा आला, काकींचा पुतण्या. त्याच्यामागे माणसं. तो चांगला मुलगा आहे. खाली वाकून त्याने हळू आवाजात विचारलं, "काकीसा, तुम्ही असं किती दिवस बसणार? पुढच्या वर्षी कोण बसणार इथं?"

"पुढला वरीसनं माले काय माहीत," काकी म्हणाल्या. "यंदा मी शे ना आठे."

बादली जड होती, त्याने ती या हातातून त्या हातात घेतली. मग वळला आणि दुकानाच्या रस्त्याला लागला. माणसंही त्याच्यामागे गेली. काकींनी मागून बसक्या आवाजात सांगितलं, "हळू चाल रे. मासास्ले धक्का लागस."

अंगण रिकामं झालं. मला ग्रंथालय उघडायचं होतं. मी म्हटलं, "काकी, रिक्षा बोलावतो. झालं आता."

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "माले बसू द्या. आजून कोनी येई, एखादी बादली लीसन."

मी निघालो. पांजरपोळीच्या दारातून मागे बघितलं तेव्हा त्या दोन्ही हातांनी खुर्ची सरकवत होत्या, थोडी थोडी, फाटकाच्या अगदी मधोमध येईपर्यंत.